युनियनने माझी ग्रीव्हन्स अर्ध्यातच सोडली, आता काय करू?

ताई, नमस्कार.

न्यू जर्सीतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं काम करते. पहिल्या दिवसापासून युनियनची सभासद आहे, वर्गणी पगारातूनच कापली जाते. मध्यंतरी एका रात्री रक्ताच्या दोन नमुन्यांवरची लेबलं उलटसुलट लागली. चूक तासाभरात लक्षात आली, पेशंटला काही अपाय झाला नाही. त्या रात्री लेबल छापायचं मशीन सारखं अडकत होतं. माझ्याबरोबरच्या सहकारी बाईंनी ते तीनदा बंद करून चालू केलं. आधीच्या आठवड्यात मशीनबद्दल तक्रारही झाली होती. पण दोषी ठरले मी. सुपरवायझरने ऑफिसात बोलावलं, एचआरच्या बाई बसलेल्या होत्या, प्रश्न विचारले आणि कागदावर सही घेतली. तीन दिवस बिनपगारी सस्पेन्शन. परत कामावर आले तर माझी दिवसपाळी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनिअर असलेल्या मुलाला दिलेली, आणि मला रात्रपाळी.

स्टुअर्डला, म्हणजे कामाच्या जागी सभासदांची बाजू मांडणाऱ्या युनियनच्या प्रतिनिधीला, सगळं लिहून दिलं, सहकारी बाईंचं नावही दिलं. त्याने सस्पेन्शनविरुद्ध ग्रीव्हन्स, म्हणजे रीतसर तक्रार, टाकली. दोन पायऱ्यांवर नकार आला. पाच आठवड्यांपूर्वी युनियनचं तीन ओळींचं पत्र आलं: सर्व बाबींचा विचार करून ही केस आर्बिट्रेशनला (लवादाकडे) न नेण्याचं ठरवलं आहे, प्रकरण बंद. त्या बाईंना कोणी साधा फोनसुद्धा केला नव्हता. त्याच सुमारास दुसऱ्या एकाची केस मात्र आर्बिट्रेशनला गेली. तो लोकलच्या, म्हणजे युनियनच्या आमच्या स्थानिक शाखेच्या, अध्यक्षांच्या गटातला. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत मी विरोधी पॅनेलचा प्रचार केला होता.

चौदा वर्षं वर्गणी भरून हेच का? युनियनला माझी केस लढावीच लागते ना? कोर्टात जाऊ का? की सभासदत्वच सोडून देऊ? नवरा म्हणतो, नोकरी शाबूत आहे, गप्प बस. सकाळी घरी येऊन पडते, पण झोप लागत नाही.

– एक वाचक, न्यू जर्सी

*

नमस्कार.

आधी कॅलेंडर काढा. युनियनचं ते तीन ओळींचं पत्र ज्या दिवशी हातात पडलं त्या तारखेवर खूण करा आणि तिथून सहा महिने मोजा. बाकीचं सगळं त्यानंतर. युनियनशी केलेला करार मोडला म्हणून मालकावर आणि बाजू नीट मांडली नाही म्हणून युनियनवर असा जोडीने दावा करायचा असेल, तर तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये डेलकॉस्टेलो खटल्यात हे ठरवून टाकलं. नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्ड या केंद्र सरकारच्या कामगार मंडळाकडे युनियनविरुद्ध तक्रार करायची मुदतही सहाच महिने. युनियन केस पुढे नेणार नाही हे तुम्हाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या दिवसापासून ती सहसा धरतात. तुमचे पाच आठवडे गेलेत. घाबरून जाऊ नका, पण ‘बघू पुढे’ म्हणून कपाटातही ठेवू नका. अशी पत्रं माझ्याकडे बहुतेक वेळा मुदत टळून गेल्यावर येतात आणि मग मला फक्त वाईट वाटून घेता येतं. तुमचं वेळेत आलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. युनियनला तुमची केस शेवटपर्यंत लढावीच लागते का? नाही. आर्बिट्रेशनला जायचं की नाही हे ठरवायचा हक्क बहुतेक करारांत युनियनकडे असतो, एकेकट्या सभासदाकडे नसतो. वर्गणी चौदा वर्षं भरली की चाळीस, त्याने हे बदलत नाही. पण युनियनला ‘नाही’ म्हणायचा हक्क असला, तरी न बघता नाही म्हणायचा हक्क नाही. तुमचं म्हणणं प्रामाणिकपणे तपासायचं, आणि सोडायचं तर सांगण्याजोग्या कारणाने सोडायचं, हे तिच्यावर बंधन आहे. कायद्यातलं हे न्याय्य प्रतिनिधित्वाचं कर्तव्य. तुमचा सगळा झगडा या एका मुद्द्यावर उभा राहील. ‘माझी केस का लढली नाही’ असं विचारलंत तर उत्तर देणं त्यांना सोपं आहे. ‘माझी केस बघितली का, कशी बघितली’ असं विचारलंत तर त्यांना फाइल उघडावी लागेल.

हे बंधन आलं कुठून ते थोडं सविस्तर सांगते. ज्या माणसामुळे ते आलं तो युनियनचा सभासदसुद्धा नव्हता. त्याला सभासद होऊच देत नव्हते.

बेस्टर विल्यम स्टील हा अलाबामातला कृष्णवर्णीय कामगार, लुइसव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेत इंजिनाची भट्टी सांभाळणारा फायरमन. फायरमनांच्या ब्रदरहूडमध्ये, म्हणजे त्यांच्या युनियनमध्ये, काळ्यांना प्रवेश नव्हता. पण संख्या गोऱ्यांची जास्त, म्हणून रेल्वे कामगार कायद्याप्रमाणे सगळ्या फायरमनांच्या वतीने बोलणी करायचा हक्क ब्रदरहूडचाच. मार्च १९४० मध्ये या ब्रदरहूडने २१ रेल्वे कंपन्यांना नोटीस दिली. मागणी अशी, की काळ्या फायरमनांना हळूहळू या कामातून पुरतंच बाहेर काढायचं. पुढच्या फेब्रुवारीत करार झाला: प्रत्येक सिनिऑरिटी विभागात काळे फायरमन निम्म्यापेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. स्टील तेव्हा पॅसेंजर गाड्यांच्या तुकडीत होता, काम त्यातल्या त्यात चांगलं, पगारही. एप्रिल १९४१ मध्ये त्याची जागा काढून त्याच्यापेक्षा ज्युनिअर गोऱ्या फायरमनांना दिली. सोळा दिवस तो बिनकामाचा बसला. नंतर मिळालं ते मालगाडीवरचं, जास्त अंगमेहनतीचं आणि कमी पगाराचं काम. स्वतःच्या नावावर असलेल्या सिनिऑरिटीचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही, कारण ती विकून टाकणारा करार त्याच्याच ‘प्रतिनिधी’ने केला होता.

तो कोर्टात गेला. त्याची बाजू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी मांडली. अलाबामाच्या कोर्टाने दार लावलं, पण डिसेंबर १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालाचं सार असं: कायद्याने ज्या संघटनेच्या हातात सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार दिला, तिने सगळ्यांसाठीच बोललं पाहिजे, मग कोणी सभासद असो वा नसो, आवडता असो वा नावडता. तिच्यापुरता अधिकार आणि बाकीच्यांपुरती मुस्कटदाबी, असं चालणार नाही. हाच नियम पुढे कारखान्यांना आणि इतर खासगी उद्योगांना लागू झाला. ना नफा तत्त्वावर चालणारी खासगी हॉस्पिटलंही १९७४ मध्ये या उद्योगांच्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याखाली आली, आणि तो कायदा हे बोर्ड चालवतं. तुमचं हॉस्पिटल सरकारी असतं तर मी तुम्हाला राज्याच्या वेगळ्या कार्यालयाचा रस्ता सांगितला असता. ते खासगी आहे, म्हणून बोर्ड.

हे वाचताना मला माझे वडील आठवतात. ते मुंबईत गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९४६ च्या कायद्याप्रमाणे बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता आणि त्या संघटनेवर गिरणगावाचा विश्वास उरला नव्हता. ‘आमच्या नावाने दुसरंच कोणी सही करतं’ हे वडिलांचं वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. एकाच संघटनेला सगळ्यांचा आवाज द्यायचा, तर त्या आवाजावर जबाबदारीचं ओझंही ठेवायला हवं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

असो, तुमच्याकडे येते.

युनियन कुठे चुकली हे मोजायची पट्टी १९६७ च्या व्हाका विरुद्ध साइप्स या खटल्यात ठरली. युनियनचं वागणं मनमानी असेल, भेदभावाचं असेल किंवा मनात खोट ठेवून असेल, तर कर्तव्यभंग. केस चांगली असताना उगाच दुर्लक्ष करायचं, किंवा वरवर, एकदाचं उरकून टाकल्यासारखं काम करायचं, हे चालत नाही. पण त्या खटल्यात कामगार हरला, आणि तो का हरला ते तुम्ही लक्ष देऊन वाचा.

बेंजामिन ओवेन्स कॅन्सस सिटीत मांस पॅक करायच्या कारखान्यात कामाला होता. ब्लड प्रेशरचा जुना आजार. आजारी रजेवरून परतताना त्याच्या डॉक्टरने ‘फिट’ लिहिलं, कंपनीच्या डॉक्टरने ‘अनफिट’. जानेवारी १९६० मध्ये त्याला कायमचं काढलं. युनियनने ग्रीव्हन्स चौथ्या पायरीपर्यंत नेली. मग स्वतःच्या खर्चाने त्याला नव्या डॉक्टरकडे पाठवलं, आर्बिट्रेटरसमोर ठेवायला भक्कम कागद हवा म्हणून. त्या डॉक्टरचा अहवालही ओवेन्सच्या विरोधात गेला. तेव्हा युनियनच्या कार्यकारिणीने मत घेऊन आर्बिट्रेशनला न जायचं ठरवलं. ज्युरीने ओवेन्सच्या बाजूने कौल दिला होता, पण सुप्रीम कोर्टाने तो उलटवला. ओवेन्स त्याआधीच, अपील चालू असताना वारला होता. मला त्या माणसाचं आजही वाईट वाटतं. तरी कोर्टाचं म्हणणं मला पटतं: युनियनने पायऱ्या चढल्या, डॉक्टरकडे पाठवलं, कागद पाहिला, मग थांबली. तिने बघितलं होतं.

आता याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवा. अँकर मोटर फ्रेट कंपनीच्या आठ ट्रक ड्रायव्हरांना १९६७ मध्ये काढून टाकलं. आरोप असा, की मोटेलमध्ये राहायचे पैसे वाढवून लावले. पावत्यांवरचा आकडा मोठा, मोटेलच्या नोंदीतला लहान. ड्रायव्हर सांगत होते, आम्ही पावतीवर आहे तेवढेच पैसे दिले, मोटेलमध्ये जाऊन चौकशी करा. युनियन म्हणाली, काळजी करू नका, वकीलही करू नका. सुनावणी झाली, ड्रायव्हर हरले, नोकऱ्या गेल्या. मोटेलमध्ये कोणी गेलंच नव्हतं. नंतर उघड झालं की मोटेलचा कारकूनच नोंदीत कमी रक्कम लिहून मधला फरक खिशात घालत होता. १९७६ मध्ये हाइन्स खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, की आर्बिट्रेशनचा निकाल एरवी अखेरचा असतो, पण युनियननेच कर्तव्यात कसूर करून ती सगळी प्रक्रिया नासवली असेल, तर त्या निकालाचा आडोसा मालकालाही मिळणार नाही.

तुमच्या केसमधला मोटेल म्हणजे ते लेबलचं मशीन, आणि ज्याला कोणी विचारलं नाही तो साक्षीदार म्हणजे तुमच्या सहकारी बाई.

म्हणून मी तुमच्या पत्रातल्या ‘साधा फोनसुद्धा केला नव्हता’ या ओळीखाली दोनदा रेघ मारली. अध्यक्षांच्या गटाबद्दल, निवडणुकीबद्दल तुम्ही लिहिलंय तेही महत्त्वाचं आहे, पण ते दुसऱ्याच्या मनात काय होतं याबद्दल आहे आणि मनातलं सिद्ध करणं फार कठीण. साक्षीदाराचं नाव लेखी दिलं होतं आणि त्याला विचारलं नाही, हे मात्र कागदावर दाखवता येतं. तुम्ही स्टुअर्डला दिलेल्या कागदाची प्रत आहे ना? निदान फोनमध्ये फोटो? नसेल तर स्टुअर्डकडे प्रत मागा, तोंडी नाही, ईमेलने. एक सावधगिरी: फोन केला नाही हे तुम्हाला त्या बाईंनी सांगितलं की तुमचा अंदाज आहे, हे आधी पक्कं करा.

मी स्वतः एकोणीस वर्षं एका बस गॅरेजमध्ये स्टुअर्ड होते, तेव्हा टेबलाच्या त्या बाजूचंही सांगते. आर्बिट्रेशन महाग असतं. आर्बिट्रेटरची फी सहसा कंपनी आणि युनियन निम्मीनिम्मी भरतात, वर वकिलाचा खर्च. पैसा सगळ्यांच्या वर्गणीतला. त्यामुळे कायमचं काढून टाकलेल्या माणसाची केस पुढे जाते आणि तीन दिवसांच्या सस्पेन्शनची मागे राहते, यात दरवेळी कटकारस्थान नसतं. ज्या दुसऱ्याची केस पुढे गेली, त्याला काढून टाकलं होतं का? त्याच्यावर आधी काही शिक्षा झाली होती का? त्याची चूक तुमच्यासारखीच होती का? हे न कळता ‘त्याला न्याय, मला नाही’ म्हणालात तर युनियन एका वाक्यात तुम्हाला गप्प करेल. पण दोन्ही केसेस सारख्याच निघाल्या, आणि फरक फक्त तुम्ही कोणाचा प्रचार केला एवढाच उरला, तर तो भेदभाव आहे. आणि १९५९ चा लँड्रम-ग्रिफिन कायदा सभासदाला युनियनमध्ये उघड मत मांडायचा, विरोधात उभं राहायचा हक्क स्पष्ट शब्दांत देतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी अजून विसरलेले नाही. एका ड्रायव्हरची ओव्हरटाइमची ग्रीव्हन्स माझ्याकडे होती. करारात मुदत दहा दिवसांची. कागद माझ्या बॅगेत, बॅग लॉकरमध्ये, मी तीन दिवस रजेवर. परत आले आणि दिला, तर ऑफिसच्या शिक्क्यावर अकरावा दिवस उमटला. केस चांगली होती, तिथेच मेली. कायद्याने मला कोणी काही केलं नसतं. निव्वळ निष्काळजीपणा म्हणजे या कर्तव्याचा भंग नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये म्हटलेलं आहे. आणि तो खटला कशाबद्दल होता? आयडाहोतल्या सनशाइन खाणीत १९७२ मध्ये आग लागून ९१ खाणकामगार गेले. खाणीच्या सुरक्षा तपासणीत युनियनने हयगय केली असं वारसांचं म्हणणं होतं. तेही हरले. मला हा निकाल कठोर वाटतो, पण कायदा तसा आहे आणि तुम्हाला तो माहीत असायला हवा. स्टुअर्ड फोन करायचा विसरला, एवढंच निघालं तर बोर्ड बहुधा हात वर करेल. त्याला साक्षीदार माहीत होता, तुम्ही पुन्हा आठवण केली, आणि तरी केस न तपासताच गुंडाळली, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. त्या ड्रायव्हरकडे मी स्वतः गेले, माझी तारीख चुकली असं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, निदान तू सांगितलंस. तुमच्या युनियनने तुम्हाला तेवढंसुद्धा दिलेलं नाही, आणि ते मागायचा तुम्हाला पुरता अधिकार आहे.

तर मागा. लोकलच्या अध्यक्षांना आणि सेक्रेटरींना पत्र लिहा, ईमेल करा आणि पोचपावतीच्या टपालानेही पाठवा. भाषा सरळ ठेवा. माझी ग्रीव्हन्स कोणी, कोणत्या तारखेला, कोणते कागद पाहून बंद केली? साक्षीदार म्हणून दिलेल्या व्यक्तीशी कोण बोललं? मशीनची तक्रार आणि दुरुस्तीची नोंद हॉस्पिटलकडून मागवली का? निर्णयाचं कारण लेखी कळवा, फेरविचार करा, आणि युनियनच्या घटनेप्रमाणे अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं तेही कळवा. राग, टोमणे, निवडणूक, यातलं काही या पत्रात नको. ते पत्र उद्या बोर्डाचा तपासनीस वाचेल असं समजून लिहा. त्याच पत्रात कराराची प्रत मागा. ज्या करारामुळे तुमच्या हक्कांवर थेट परिणाम होतो त्याची प्रत मागितल्यावर देणं लोकलवर बंधनकारक आहे, हेही त्याच १९५९ च्या कायद्यात आहे. इतकी वर्षं नोकरी करून स्वतःचा करार न वाचलेली माणसं मी शेकड्याने पाहिलीत. तुम्ही वाचला असेल तर उत्तमच.

युनियनमधलं अपील टाळू नका. ज्या अपिलातून तुमचं नुकसान भरून निघू शकतं किंवा ग्रीव्हन्स पुन्हा जिवंत होऊ शकते, ते केलंच नाही तर कोर्ट पुढे विचारतं, घरातलं दार का ठोठावलं नाही? पण अपील चालू आहे म्हणून सहा महिन्यांचं घड्याळ थांबलं, असं मात्र धरून चालू नका. मी तुमच्या जागी असते तर चौथा महिना संपायच्या आत बोर्डाकडे तक्रार टाकली असती, युनियनचं उत्तर येवो न येवो. तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही. उत्तर न्यू जर्सीसाठी बोर्डाचं कार्यालय नेवार्कला आहे. तिथल्या अधिकाऱ्याशी आधी बोलता येतं, तो फॉर्म भरायला मदत करतो. तपास त्यांचाच माणूस करतो.

कोर्टाचं मात्र मी आत्ता नको म्हणेन. तिथे दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: हॉस्पिटलने करार मोडला, आणि युनियनने कर्तव्य मोडलं. एक जरी निसटली तरी दावा बुडाला. तीन दिवसांच्या पगारासाठी हा खर्च आणि ही वर्षं मला पटत नाहीत. पाळीचा मामला वेगळा आहे, आणि तिथेच तुमच्या पत्रातली एक जागा मला मोकळी दिसते.

तुम्ही लिहिलंय, ग्रीव्हन्स सस्पेन्शनची टाकली. दिवसपाळी गेल्याची टाकली का? मला तसं वाटत नाही. सस्पेन्शन ही शिक्षा आहे, पाळी हा सिनिऑरिटीचा हक्क आहे, करारातली कलमं वेगळी, मुदतीही बहुधा वेगळ्या. सहा वर्षांनी ज्युनिअर माणसाला तुमची पाळी कोणत्या कलमाखाली दिली हे हॉस्पिटलने सांगायला हवं. मुदत गेली असेल असं मनाशी ठरवून गप्प बसू नका. काही करारांत पाळीची निवड ठरावीक काळाने पुन्हा होते, आणि त्या निवडीत तुम्हाला डावललं तर ती नवी घटना असते. नव्या ग्रीव्हन्सचा कागद स्टुअर्डला तारखेसह द्या. त्याने नाही म्हटलं तर कायद्यात अशीही सोय आहे की कामगार आपली तक्रार स्वतः मालकापुढे मांडू शकतो. निकाल कराराविरुद्ध जाता कामा नये आणि युनियनला तिथे हजर राहायची संधी मिळायला हवी, एवढीच अट. हॉस्पिटलने ऐकलंच पाहिजे असं नाही, पण तुम्ही मांडलंत याची नोंद राहते.

सहीबद्दल थोडक्यात. शिक्षा होऊ शकेल अशा चौकशीला बोलावलं की ‘माझा युनियन प्रतिनिधी आल्याशिवाय बोलणार नाही’ म्हणायचा हक्क तुम्हाला १९७५ च्या वाइनगार्टन निकालापासून आहे. पण तो मागावा लागतो, कोणी आपणहून देत नाही. त्या दिवशी तुम्ही मागितला नसेल तर ते गेलं. पुन्हा बोलावलं तर खुर्चीत बसायच्या आधी हे वाक्य बोला.

तुम्ही कुठे लिहिलं नाही, तरी विचारून ठेवते. तुमच्या बोलण्याच्या ढबीवरून, देशावरून, रंगावरून कोणी काही बोललं का, हॉस्पिटलमधलं किंवा युनियनमधलं? तसं असेल तर वंश किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला युनियनलाही मनाई आहे. ती तक्रार वेगळ्या सरकारी आयोगाकडे, ईईओसीकडे जाते, आणि तिची मुदत १८० दिवसांची, न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत ३०० दिवसांची.

सभासदत्व सोडू नका. तुमचा राग मला समजतो, पण सोडून नुकसान तुमचंच. तुम्ही सभासद नसलात तरी युनियनला तुमचं न्याय्य प्रतिनिधित्व करावंच लागतं, स्टीलनेच ते मिळवून दिलं. जाईल ते तुमचं मत. पदाधिकारी निवडायचं मत, करार मंजूर करायचं मत. लोकलची निवडणूक कायद्याने निदान दर तीन वर्षांनी, गुप्त मतदानाने घ्यावीच लागते. मागची दोन वर्षांपूर्वी झाली म्हणता. म्हणजे पुढची फार लांब नाही.

आणि तुमच्या यजमानांना सांगा, की नोकरी शाबूत आहे म्हणूनच तर विचारता येतंय. ते काळजीपोटी बोलतात हे मला कळतं. त्यांना ही उत्तरं वाचायला द्या, भांडू नका.

हे पत्र मिळाल्यावर पहिलं काम मात्र युनियनकडे नाही. रात्री ज्यांनी मशीन तीनदा बंद करून चालू केलं त्या बाईंना फोन करा. त्यांना जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगा, तुम्ही सुचवू नका. किती वाजता अडकलं, स्क्रीनवर काय दिसलं, लेबलं कुठल्या क्रमाने बाहेर आली, आधीच्या आठवड्यात तक्रार कोणी केली. त्या घाबरत असतील तर जबरदस्ती करू नका, त्यांनाही तिथेच नोकरी करायची आहे. लिहून दिलंच तर खाली सही आणि आजची तारीख घ्या, आणि एक प्रत त्यांच्याकडेच राहू द्या.